शोधणाऱ्याचा वेळ

हल्ली 'शोध' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोबाईलच्या काचेवरील एक लांबट पांढरी चौकट उभी राहते. चौकटीत दोन शब्द लिहावेत, बोट लावावे आणि क्षणार्धात हजारो ठिकाणचे पत्ते पुढ्यात यावेत, याचे शाळकरी पोरालाही आता नवल वाटत नाही. हे सारे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील दोन-चार हुशार पोरांनी काढले, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो खोटा नव्हे, पण अपुरा आहे. कापडगिरणीचा इतिहास साच्यापासून सुरू करावा आणि टकळीचे, चरख्याचे नावही घेऊ नये, तसे ते होते.

आम्ही संगणकशास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण नववीपर्यंत शाळेत आणि पुढे सार्वजनिक वाचनालयात झाले. नंतरचे आयुष्य कामगार संघटनेच्या कचेरीत गेले. परंतु कागद शोधणे हे आमच्या धंद्याचे निम्मे काम आहे. कुणाच्या भविष्यनिर्वाह निधीचा जुना खातेक्रमांक हवा असतो, कुणाची तीस वर्षांपूर्वीची हजेरी, कुणाला एखाद्या विसरलेल्या कराराचे सातवे कलम. मालकाकडे या कामासाठी पगारी माणसे असतात. कामगाराकडे आठवड्याची एक सुटी असते. म्हणून हा इतिहास आम्ही शोधणाऱ्याच्या बाजूने सांगणार आहोत. यंत्रे किती वेगवान झाली हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. शोधण्यात जो वेळ जातो तो कुणाच्या पदरचा, आणि त्याची फिकीर कुणी केली, हा मुख्य.

प्राचीन काळाकडे जावयाचे तर फार दूर पाहावयास नको. ऋग्वेदाची सूक्ते हजाराहून अधिक. त्यांचे पठण करणाऱ्याला अमुक सूक्त कोणत्या ऋषीचे, देवता कोणती, छंद कोणता, ऋचा किती, हे चटकन सांगता यावे म्हणून कात्यायनाने सर्वानुक्रमणी रचली. प्रत्येक सूक्ताचा आरंभीचा शब्द आणि त्यापुढे हा सगळा तपशील. ही उघडउघड सूची आहे. ग्रीक लोकांत कॅलिमाकस याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथसंग्रहावर आधारलेली १२० गुंडाळ्यांची यादी केली. पॅरिसमधील डॉमिनिकन मठात तेराव्या शतकात ह्यू ऑफ सेंट शेर याच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलातील शब्दांची सूची झाली. तिच्यासाठी पाचशे जोगी राबले अशी परंपरागत कथा आहे. आकडा खरा असो वा नसो, मुद्दा तोच की कुणीतरी एकदा कष्ट उपसले आणि पुढच्या हजारोंचे कष्ट वाचवले. सूची म्हणजे साठवून ठेवलेले श्रम. विहीर खणणारा एक, पाणी भरणारे गावभर. आणि खणणाऱ्याचे नाव बहुधा कुणाला ठाऊक नसते.

आपल्या मराठीतही अशा विहिरी खणल्या गेल्या आहेत. डॉ. केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश केला, त्यांतला एक संबंध खंड सूचीसाठी दिला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी ग्रंथांची सूची केली आणि १९३८ ते १९५० या वर्षांचा पुढचा भाग १९६१ साली प्रसिद्ध झाला. ज्ञानकोशकारांचे नाव शाळेच्या पुस्तकात आढळते. सूचिकारांचे नाव अभ्यासकांपुरते उरते. असो.

शोधणारा आणि शोधून देणारा यांच्यातला पहिला मोठा जाहीर तंटा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झाला, आणि तो आम्हांस फार बोधप्रद वाटतो. अँटोनियो पानिझ्झी हा इटलीतून परागंदा झालेला क्रांतिकारक. मायदेशी त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड फर्मावला गेला होता. हा माणूस १८३७ मध्ये म्युझियमच्या छापील ग्रंथांचा प्रमुख झाला. त्याच्या आदल्याच वर्षी संसदीय समितीपुढे साक्ष देताना त्याने असा आशय मांडला होता की, देशातील सर्वांत धनाढ्य मनुष्याला ज्ञानाची भूक भागविण्याची जी साधने मिळतात, तीच गरीब विद्यार्थ्याला मिळाली पाहिजेत, आणि ती पुरविणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पुढे १८४१ मध्ये त्याने ग्रंथयादी करण्याचे ९१ नियम छापले. निनावी पुस्तक कोठे नोंदावे, एकाच लेखकाची दोन नावे असतील तर काय करावे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाट कशी दाखवावी, असे ते किचकट नियम होते.

यावर त्या काळच्या थोर थोर विद्वानांनी गहजब केला. थॉमस कार्लाइल त्यांत पुढे होता. त्यांचे म्हणणे असे, की एवढा खटाटोप कशाला? नावांची एक साधी यादी झटपट छापून टाका. चौकशीसाठी राजाज्ञेने आयोग नेमला गेला. १८४७ ते १८४९ पर्यंत साक्षी झाल्या. पानिझ्झीने दाखवून दिले की साधी वाटणारी यादी फक्त त्यालाच उपयोगी पडते, ज्याला काय हवे ते आधीच नेमके माहीत आहे. ज्याला पुस्तकाचे अर्धेच नाव आठवते, लेखकाच्या नावाचे अक्षर चुकते, त्याच्यासाठी ते किचकट नियम असतात. किचकटपणा यादी करणाऱ्याने सोसावा, म्हणजे वाचणाऱ्याला तो सोसावा लागत नाही. आयोगाने पानिझ्झीचा पक्ष उचलून धरला. कार्लाइलने यापूर्वीच, १८४१ मध्ये, वर्गणीदारांसाठी वेगळे लंडन ग्रंथालय काढविण्यात पुढाकार घेतला होता. ज्यांच्या खिशात वर्गणी होती त्यांची सोय झाली. ज्यांच्या नव्हती, त्यांच्यासाठी म्युझियमची ती यादी होती. १८५० पासून तेथे वाचावयास येणाऱ्यांत मार्क्स नावाचा एक कर्जबाजारी जर्मन निर्वासितही होता.

आता आपल्या देशाकडे येऊ. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर फुकट वाचनालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला, हे अनेकांना ठाऊक आहे. त्यामानाने शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव ग्रंथपालांच्या वर्तुळाबाहेर फारसे घेतले जात नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. तंजावर जिल्ह्यात १८९२ मध्ये जन्मलेला हा गणिताचा प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, आणि पुढे शिक्षणासाठी लंडनला गेला. तेथे एका मोठ्या दुकानात त्याने मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके, स्क्रू तेच. त्यांतून गाडीही होते, पूलही होतो. रंगनाथन यांच्या मनात आले, विषयाचेही असेच का करू नये? एक उदाहरण आम्हीच घेतो: 'मुंबईतील गिरणी कामगारांतील क्षयरोगावरील उपचार, १९३० नंतर.' जुन्या दशांश पद्धतीत या विषयाला आधीपासून ठरलेल्या एखाद्या कप्प्यात कोंबावे लागे. रंगनाथन यांनी त्याची अंगे सुटी केली. माणसे कोण, व्याधी कोणती, क्रिया कोणती, स्थळ कोणते, काळ कोणता. आणि मग ती द्विबिंदूने जोडली. ही द्विबिंदू पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली.

आज खरेदीच्या संकेतस्थळावर आपण चपला पाहतो तेव्हा बाजूला माप, रंग, किंमत, बनावट अशा खुणा करावयाच्या चौकटी असतात. त्या चौकटींमागील कल्पनेचे मूळ या मद्रासच्या ग्रंथपालाच्या विचारात आहे. चपला विकणाऱ्यास ते ठाऊक असेलच असे नाही.

परंतु आमच्या दृष्टीने रंगनाथन यांचे थोरपण त्यांच्या १९३१ च्या ग्रंथात आहे. ग्रंथालयाचे पाच नियम त्यांनी सांगितले: ग्रंथ वापरासाठी आहेत; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा; प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा; वाचकाचा वेळ वाचवा; ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. शाळेच्या भिंतीवर लिहावीत अशी ही साधी वाक्ये वाटतात. पण चौथ्या नियमाची धार पाहा. तोवरची सर्वसाधारण रीत अशी, की वाचकाने चिठ्ठी द्यावी आणि शिपाई पुस्तक काढून आणीपर्यंत बाकावर बसून राहावे. रंगनाथन यांनी त्या बाकावर बसलेल्या माणसाच्या वेळेचा हिशोब मांडला. दारे उघडी ठेवा, वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्या, त्याला विचारावेसे वाटेल असा जाणता माणूस तेथे ठेवा. रांगेत गेलेला तास हा खर्च आहे, मात्र तो कुठल्याच कचेरीच्या जमाखर्चात दिसत नाही, कारण तो रांगेतल्याच्या पदरचा असतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

यापुढील पाऊल इंग्लंडात क्रॅनफिल्ड येथे पडले. तेथील विमानविद्येच्या महाविद्यालयातील ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन याने १९५७ नंतरच्या काळात एक साधी पण कुणाला न सुचलेली गोष्ट केली: त्याने परीक्षा घेतली. विमानविद्येवरील १८,००० निबंध, चार निरनिराळ्या सूचिपद्धती आणि १,२०० प्रश्न. कोणती पद्धत किती वेळा हवा तो कागद हुडकून देते? निकाल असा, की ज्या पद्धतींवरून पंडितांची इतकी भांडणे होत, त्यांच्यांत फार मोठे अंतर निघाले नाही. पुढे १९६६ पर्यंत त्याने १,४०० निबंधांवर दुसरी, अधिक काटेकोर परीक्षा घेतली. तीत तर निबंधातले साधे शब्दच, जसेच्या तसे, मोठ्या कष्टाने घडविलेल्या सांकेतिक भाषांना भारी ठरले. क्लेव्हर्डनलाही हे अनपेक्षित होते, पण त्याने ते छापले. याच परीक्षांमुळे दोन मापे रूढ झाली: जे मिळाले त्यांत कामाचे किती, आणि जे कामाचे होते त्यांपैकी मिळाले किती. आजही शोधयंत्राची पारख याच दोन मापांनी होते.

साध्या शब्दांवर भिस्त ठेवावयाची, तर सगळे शब्द सारख्या मोलाचे कसे मानावेत? केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ मध्ये याचे उत्तर दिले. जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याचे वजन जास्त. जो सगळीकडे येतो त्याचे कमी. आमच्या कचेरीतल्या कागदांत 'कामगार' हा शब्द पानोपानी आहे, त्याने काही हुडकता येत नाही. 'टाळेबंदी' म्हटले की चार फायली समोर येतात. एवढीच ती गोष्ट, पण पुढील शोधयंत्रांना तिचा मोठा आधार झाला. या बाईंना त्या विद्यापीठाने कित्येक वर्षे तात्पुरत्या करारांवर राबविले. कायमची जागा मिळावयास १९९० नंतरचे दशक उजाडले. बदली कामगारांच्या सभांत हे उदाहरण आम्ही आवर्जून सांगतो.

पुढची हकीकत बरीच परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात ॲलन एमटेज याने आर्ची नावाची फायलींच्या नावांची यादी केली. १९९४ मध्ये याहूची विषयवार यादी निघाली. ती माणसे हाताने करीत. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा आले. त्याने पानांतला शब्दन् शब्द नोंदविला. आता शब्द सापडू लागले, पण हजार पानांत कोणते पान वर ठेवावे याचा गोंधळ झाला. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या ब्रिन आणि पेज या विद्यार्थ्यांनी उपाय मांडला: ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात, आणि त्यांतही ज्यांच्याकडे पुष्कळांचे बोट आहे अशी पाने बोट दाखवितात, ते पान वर. गावात वैद्य कोणता चांगला हे आपण असेच ठरवितो. उपाय नामी होता, आणि गुगल त्यावर उभे राहिले.

त्याच १९९८ च्या निबंधात या दोघांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, जी आम्हांस त्यांच्या गणिताइतकीच महत्त्वाची वाटते. जाहिरातीवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल, असा तिचा आशय. त्याच वर्षी गोटू नावाच्या कंपनीने शोधातल्या वरच्या जागांचा लिलाव पुकारण्यास सुरुवात केली होती. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, गुगलनेही शब्दांवर जाहिराती विकण्याची आपली योजना आणली. लेखकांनी स्वतः दिलेला इशारा स्वतःच्याच दुकानाला लागू पडावा, याला काय म्हणावे? २००२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाला शोधयंत्रवाल्यांना लिहावे लागले, की पैसे घेऊन वर ठेवलेली उत्तरे वेगळी आणि ठळक दाखवा. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल गुगलला सुमारे १३६ कोटी रुपये दंड केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने ठरविले, की या कंपनीने शोधाच्या बाजारातील मक्तेदारी बेकायदा टिकविली. त्या खटल्यात बाहेर आलेला एक आकडा असा: मोबाईलवर आणि न्याहाळकांत आपलेच यंत्र आधीपासून लावलेले असावे म्हणून कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर इतरांना दिले. चांगली वस्तू लोक आपण होऊन घेतात हे खरे असेल, तर एवढी रक्कम कशासाठी, हा प्रश्न कुणाही गिऱ्हाईकाने विचारावा असा आहे.

येथे आमच्या धंद्याचा एक मुद्दा सांगितल्यावाचून राहवत नाही. शोधयंत्र 'आपोआप' चालते असे म्हणतात. उत्तरे बरी की वाईट हे तपासण्यासाठी जगभर हजारो माणसे कंत्राटावर बसविलेली असतात. त्यांनी गुण कसे द्यावेत याची भलीमोठी पुस्तिका कंपनी स्वतःच प्रसिद्ध करते. शिवाय आपण सारे. आपण चुकीचे अक्षर लिहितो, मग सुधारतो, आणि त्या सुधारणेवरून यंत्र पुढच्या माणसाला योग्य अक्षर सुचवावयास शिकते. साठवून ठेवलेले श्रम म्हणून आम्ही वर जे म्हटले, ते आजही खरे आहे. फक्त विहिरीवर मालकी कुणाची, एवढेच बदलले.

मराठी शोधणाऱ्याचे हाल तर वेगळेच. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, तरी पुढे कित्येक वर्षे आपली वृत्तपत्रे आणि कचेऱ्या आपापले निरनिराळे फाँट वापरीत राहिल्या. पडद्यावर 'वेतन' दिसे, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांची खिचडी असे. डोळ्यांना दिसणारा शब्द शोधाला मात्र सापडत नसे. तो काळ बराचसा सरला, पण जुने कागद त्याच लिपीत अडकून पडले आहेत. दुसरी अडचण भाषेच्या स्वभावातली. 'कामगार' शोधणाऱ्याला 'कामगारांना', 'कामगाराच्या', 'कामगारांमधून' हे सगळे मिळावयास हवे. 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्याचा'. इंग्रजीसाठी घडविलेल्या साध्या यंत्राला हे सामान्यरूप कळत नाही. ते मुद्दाम शिकवावे लागते. तिसरी अडचण लेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि पुष्कळ अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकात 'कांहीं' आहे, नंतरच्यात 'काही'. एक लिहिले असता दुसरे सापडले पाहिजे. पानिझ्झीच्या ९१ नियमांतले काम ते हेच: दोन नावे एकाच माणसाची, तर एकावरून दुसऱ्याकडे वाट दाखवा.

एका सार्वजनिक कचेरीच्या संकेतस्थळावर आम्ही एकदा 'किमान वेतन' हे शब्द घालून परिपत्रक शोधले. उत्तर आले: शून्य. परिपत्रक त्याच स्थळावर होते. ते कागदाचे छायाचित्र काढून चढविले होते, आणि त्याला नाव होते 'अंतिम दोन'. यंत्राला छायाचित्रातली अक्षरे कशी वाचता यावीत? ज्याने चढविले त्याचे काम झाले. सही, शिक्का, दिनांक सगळे बिनचूक. ते परिपत्रक काढण्यासाठी एका सफाई कामगाराला अर्ध्या दिवसाची खाडी करून त्या कचेरीत जावे लागले.

नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांविषयीचे २९ जुने केंद्रीय कायदे चार संहितांत विलीन झाले. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदाही त्यांतच गेला. अशा वेळी शोधाने एखाद्या कामगाराच्या हाती जुन्या कायद्याचे जुने पान वर ठेवून दिले, तर शब्द जुळला म्हणून शोध यशस्वी म्हणावयाचा काय? कागदावर दिनांक आहे, तो अमलात आहे की नाही हे कचेरीला ठाऊक आहे. मग ते पानाच्या माथ्यावर लिहावयास काही खर्च येत नाही. हल्ली शोधयंत्रे पाने दाखविण्याऐवजी त्यांवरून स्वतःच उत्तर रचून देतात. वेळ वाचतो खरा, पण ते उत्तर कोणत्या सालच्या कागदावरून रचले हे उघडून पाहण्याची सवय आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना लावीत आहो.

बऱ्याच वाचनालयांत एक मागणीची वही असते. जे पुस्तक मागितले आणि मिळाले नाही, त्याचे नाव वाचक तीत लिहितो. ग्रंथपाल खरेदीच्या वेळी ती उघडतो. संकेतस्थळाला अशी वही आयतीच लाभलेली आहे. लोकांनी कोणते शब्द शोधले आणि त्यांतल्या कोणत्यांना शून्य उत्तर मिळाले, याची नोंद यंत्र सहज ठेवू शकते. ती वाचली तर कळेल की लोक 'अनुज्ञप्ती' म्हणत नाहीत, 'लायसन' म्हणतात. 'निवृत्तिवेतन' म्हणत नाहीत, 'पेन्शन' म्हणतात. आणि कचेरीचा शब्द त्यांच्या शब्दाला जोडून देता येईल. याला नवे यंत्र लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. एका कारकुनाचे आठवड्यातील दोन तास, आणि त्याने केलेली दुरुस्ती चढविण्याचा अधिकार त्याच्या हाती, एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे.